कुणाच्या ओळखीने?

कुंभकोणमहून तिरुवारूरच्या रस्त्याला लागले की दहाएक किलोमीटरवर नाचियारकोविल येते. तिथल्या श्रीनिवास पेरुमाळच्या देवळातून उत्सवाची मिरवणूक निघते, तेव्हा आधी बाहेर पडते ती देवी. वंजुळवल्ली नाचियार हंसावर बसून पुढे चालते आणि पेरुमाळ गरुडावर बसून तिच्या मागून येतो. गाभाऱ्यातही ती त्याच्यापेक्षा किंचित पुढे उभी असते. एरवी विष्णूच्या देवळात पहिला मान देवाचा. इथे तो देवीचा आहे आणि गावाला नावही तिचेच आहे.

कथा अशी सांगतात, की मेधावी नावाच्या ऋषीला वंजुळाच्या झाडाखाली एक मुलगी सापडली आणि त्याने ती पोटच्या लेकीसारखी वाढवली. तिला शोधत विष्णू पाच रूपे घेऊन या भागात आला. ऋषीने दारी आलेल्या पाचही जणांना पाहुणे म्हणून जेवू घातले. जेवण झाल्यावर मुलगी हातावर पाणी घालायला आली, तेव्हा पाचांपैकी एकाने तिचा हात धरला. ऋषी संतापला. मग पाहुणा कोण हे उघड झाले आणि सरळ मागणी आली. ऋषीने देवाला नकार दिला नाही, पण मुलगी देताना अट घातली: या ठिकाणी माझ्या लेकीचा मान पहिला. देवाने अट मान्य केली आणि तो तिथेच राहिला. आपल्याकडे घरजावयाला फारशी प्रतिष्ठा नसते. नाचियारकोविलने मात्र घरजावयाची शतकानुशतके पूजा केली, आणि अट काही शिथिल केली नाही.

या देवळातला गरुड दगडी आहे. मार्गळी आणि पंगुनी या तमिळ महिन्यांतल्या उत्सवांत तो बाहेर काढतात, तेव्हा त्याच्या देवडीतून त्याला चार माणसे उचलतात. पुढच्या टप्प्यावर आठ लागतात, मग सोळा, बत्तीस, चौसष्ट. परत येताना माणसे तशीच कमी होत जातात. भाविक सांगतात की हंसाची चाल मंद, गरुडाची वेगवान. देवीला मागे टाकायचे नाही म्हणून गरुड स्वतःला जड करून घेतो. दुसऱ्याच्या गावात बिऱ्हाड केलेल्या माणसाला यातले मर्म कुणी समजावून सांगावे लागत नाही. पाण्याची वेळ, दार लावायची वेळ, मोठ्याने बोलायची वेळ, सगळी तिथली धरावी लागते. स्वतःची चाल कितीही वेगवान असली तरी आवरावी लागते.

नाचियारकोविलची दुसरी ओळख आहे ती दिव्यांमुळे. तमिळ घरात लग्नकार्याला, नव्या घरात शिरताना, सणावाराला जो उंच पितळी समईसारखा दिवा लावतात, त्या कुत्तुविळक्कूची ही मोठी पेठ. रस्त्याच्या कडेने दुकानांत बोटभर दिव्यापासून माणसाच्या उंचीच्या दिव्यापर्यंत रांगा मांडलेल्या असतात. बहुतेकांच्या शेंड्यावर हंस असतो. दिवा अखंड ओतीव नसतो. बैठक, दांडा, तेलाची पाच तोंडांची वाटी आणि शेंडा हे भाग वेगवेगळे ओततात, चरकावर चढवून तासतात आणि आट्यांनी एकमेकांत फिरवून बसवतात. घर बदलायचे झाले तर दिवा उकलून पिशवीत घालता येतो.

ओतकामाचा जीव असतो मातीत. कावेरीच्या गाळाची इथली तपकिरी, बारीक माती साच्याला नेमकी लागते. तिला वंडल म्हणतात. चौकटीत ती दाबून भरायची, नमुन्याचा ठसा उमटवायचा, नमुना अलगद काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत तापलेले पितळ सोडायचे. माती फार ओली असेल तर पितळ उसळते, फार कोरडी असेल तर ठसा ढासळतो. कारागीर मूठ वळून पाहतो. बोटांच्या रेघा मातीवर स्वच्छ उमटल्या, की पुढच्या कामाला हात घालतो.

हे दिवे करणारे पत्तर कारागीर मूळचे इथले नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते कामाच्या शोधात नागरकोइलहून आले असे सांगतात. त्यांना इथे थांबवले ते या मातीने. आज या दिव्याला नाचियारकोविलच्या नावाने भौगोलिक मानांकन आहे. दक्षिणेच्या टोकाहून आलेल्यांच्या हातकामावर गावाच्या नावाची कायदेशीर मोहोर आहे. परक्या माणसाला गावात थारा मिळायला बहुतेक वेळा कुणीतरी शब्द टाकावा लागतो. पत्तरांसाठी तो शब्द नदीकाठच्या गाळाने टाकला.

कावेरीच्या या मुखप्रदेशाने परकी बिऱ्हाडे फार पाहिली आहेत. पूर्वेला समुद्राकाठी तरंगंबाडी आहे. १६१९ मध्ये रोलंट क्रॅपे नावाच्या डच व्यापाऱ्याचे जहाज पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर बुडवले. तो डेन्मार्कच्या कंपनीच्या चाकरीत होता. काही साथीदारांसह जीव वाचवून तो तंजावरला रघुनाथ नायकाच्या दरबारात पोहोचला आणि तिथे त्याने डेन्मार्कसाठी रदबदली केली. पुढच्या वर्षी सेनापती ओव्हे ग्येद्दे जहाजे घेऊन आला तेव्हा बोलण्याची वाट तयार होती. १६२० च्या तहाने डॅनिश लोकांना किनाऱ्याची एक पट्टी मिळाली, तिचे वार्षिक भाडे ठरले ३,१११ रुपये. नायकाने डेन्मार्कच्या राजाला पाठवलेले पत्र सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले होते. ते अजून डेन्मार्कमध्ये जपून ठेवले आहे.

भाडेकरूंनी तिथे किल्ला बांधला, चर्च बांधले. पुढे जर्मन मिशनऱ्यांनी येऊन छापखानाही घातला. १६७० च्या दशकात तंजावरची गादी नायकांकडून व्यंकोजी भोसल्यांकडे गेली आणि घरमालक बदलला. मालक आणि भाडेकरू यांच्यातले खटके राजेलोकांतही चुकत नाहीत. १६९९ च्या सुमाराला तंजावरच्या फौजेने तरंगंबाडीला वेढा घातला होता. तरी बिऱ्हाड हलले नाही. शेवटी १८४५ मध्ये डॅनिशांनी हे ठिकाण इंग्रजांना विकून टाकले. सव्वादोनशे वर्षांचा तो मुक्काम म्हणजे भाड्याच्या जागेत किती पिढ्या मुळे धरू शकतात याचा समुद्रकाठचा दाखला आहे. त्या वस्तीतल्या थडग्यांत गाडलेल्या कित्येकांनी कोपनहेगन पाहिलेही नसेल.

पण घरमालक म्हणून बसलेले भोसले तरी कुठे तिथले होते? व्यंकोजी शहाजीराजांचे पुत्र, शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ. त्यांच्या मागोमाग मराठी माणसे आली. देशस्थ कारकून, शिलेदार, शिंपी, कीर्तनकार आले, समर्थांच्या शिष्यांचे मठ तंजावरला आणि मन्नारगुडीला उभे राहिले. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजींनी बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. देऊळ राजराज चोळाचे, आठशे वर्षांपूर्वी बांधलेले. त्यावर ओळीमागून ओळ मराठी अक्षरे चालली आहेत: आम्ही कोण, कुणाचे, कुठून आलो. तेव्हा भोसल्यांना तंजावरात सव्वाशे वर्षे होऊन गेली होती आणि राज्याची खरी सूत्रे १७९९ पासून इंग्रजांच्या हाती होती. एवढ्या काळानंतरही आपली ओळख दुसऱ्याच्या भिंतीवर इतक्या सविस्तर लिहावीशी वाटावी, ही फार मानवी गोष्ट आहे. ती वाचताना राजेपणापेक्षा परदेशी राहणाऱ्या माणसाची धडपड जास्त जाणवते.

याच सरफोजींनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला छत्रांविषयी, म्हणजे वाटसरूंसाठीच्या धर्मशाळांविषयी, एक पत्र लिहिले. तंजावरच्या राजांनी, त्यातही राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावाने, रामेश्वरच्या वाटेवर जागोजाग छत्रे उभारली होती. निडामंगलमला यमुनांबाळचे छत्र आहे, ओरत्तनाडला मुक्तांबाळचे. इंग्रजांनी या छत्रांच्या उत्पन्नाला हात लावू नये, म्हणून सरफोजी तिथे काय चालते ते तपशिलाने सांगतात. जोगी, जंगम, बैरागी, यात्रेकरू, ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत जो येईल त्याला शिजवलेला भात मिळतो. शिजवलेले नको असेल तर कोरडा शिधा मिळतो. हे मध्यरात्रीपर्यंत चालते. मग घंटा होते आणि अजून उपाशी असेल त्याने यावे असे सांगितले जाते. आजारी पडलेल्याला वैद्य असतो. तान्ह्या मुलांसाठी दूध असते. वाटेत बाळंत होणाऱ्या बाईची सोय असते. वाटसरू मेला तर त्याच्या जातीच्या रीतीने त्याचे अंत्यसंस्कार होतात आणि मागे राहिलेल्या मुलांना सांभाळून शिकवले जाते.

या पत्रात राजाचे आर्जव आहे आणि थोडी प्रतिमा उजळणेही असेल. पंगती जातीजातींच्या वेगळ्या असणार, हेही उघड आहे. तरी ती मध्यरात्रीची घंटा मनातून जात नाही. दिवसभर येणाऱ्यांना वाढून झाल्यावर कुणीतरी दोरी ओढते, ते अंधारात अजून चालत असलेल्या, नाव-गाव माहीत नसलेल्या माणसासाठी. तू कुणाच्या ओळखीने आलास, हा प्रश्न त्या घंटेत नाही. जे स्वतः परमुलखात येऊन राहिले त्यांनी वाटेवरच्यांसाठी ही सोय करावी, यात काही योगायोग नसावा.

थोड्या दिवसांच्या मुक्कामातूनही केवढे तरी मागे राहते. १८६० च्या दशकात मोरगावकर रामचंद्रबुवा नावाचे मराठी कीर्तनकार तंजावरला आले आणि चातुर्मासापुरते राहिले. चार महिने त्यांची कीर्तने ऐकून स्थानिक कलावंतांनी साकी, दिंडी, ओवी, अभंग उचलले. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी त्यातून तमिळ हरिकथेला जे रूप दिले, ते पुढे दक्षिणभर पसरले. बुवा निघून गेले, त्यांच्या चाली तिथेच राहिल्या.

आज कुंभकोणमच्या आसपास घर पाहायला जाणाऱ्याला दारात कुठला तह करावा लागत नाही, पण विचारपूस होते. माणसे किती, नोकरी कुठे, जेवणात काय, घर रिकामे असल्याचे कुणी सांगितले. हा शेवटचा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. खरे तर सगळा व्यवहार त्याच्यावर तोललेला असतो. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचे नाव घेतले तर आवाज बदलतो, आतून पाण्याचा पेला येतो. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर घरमालकाच्या मागे सरकारी कामही लागते. परदेशी माणसाला घरी ठेवल्याचे २४ तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. वर्षानुवर्षे लोक याला ‘फॉर्म सी’ म्हणत आले. नृत्य शिकायला, देवळांचा अभ्यास करायला कावेरीकाठी येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला घर नाकारले जाते त्यामागे कधी आकस असतो, पण बऱ्याचदा या कागदाची धास्ती असते. घरमालक वयस्क असतो, पोर्टल इंग्रजीत असते, मुलगा चेन्नईला किंवा अमेरिकेत असतो.

त्या अमेरिकेत आनंदीबाई जोशी या मराठी मुलीला घर मिळाले ते पत्रावर. तिच्या नवऱ्याचे, गोपाळरावांचे, एक पत्र मिशनऱ्यांच्या मासिकात छापून आले होते. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचले आणि १८८० मध्ये त्या अनोळखी दांपत्याला पत्र लिहिले. पत्रांतून नाते जुळले, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा मावशी घ्यायला आल्या होत्या. परजातीच्या, परधर्माच्या त्या घरात नऊवारीतली अठरा वर्षांची मुलगी आपला आहार आणि आपले व्रत सांभाळून राहिली, आणि ते घर तिच्या चालीने थोडे हळू चालले. १८८७ मध्ये पुण्यात आनंदीबाई गेल्या. त्यांच्या अस्थी समुद्रापार गेल्या, आणि पॉकीप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत विसावल्या. पाहुणीला घरात खोली देणारे पुष्कळ असतात. या कुटुंबाने आपल्या मृतांच्या शेजारी जागा दिली.

आणि आपल्याच देशात, १९१७ मध्ये, न्यूयॉर्क आणि लंडनला शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात खोली मिळाली नाही.

डॉ. आंबेडकरांनी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेले, करारानुसार महाराजांच्या नोकरीवर रुजू झालेले, खिशात पैसे असलेले आंबेडकर बडोद्याच्या स्टेशनावर उतरले आणि कुठे जायचे ते त्यांना कळेना. हिंदू खाणावळ त्यांना घेणार नव्हती. पारशांच्या एका विश्रामगृहात रखवालदाराशी ठरवून, वहीत पारशी नाव लिहून ते दीड रुपया रोजाने राहिले. माडीवरच्या मोठ्या दालनात अडगळ भरलेली होती. रात्री एक कंदील आणि पुस्तक एवढीच सोबत. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज दफ्तरातून फिरत होता. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. आंबेडकरांनी दोन स्नेह्यांना विचारले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाला नोकरांची भीती होती, दुसऱ्याला बायकोला विचारायचे होते. संध्याकाळ कामाठी बागेत काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले.

पासपोर्टावरून माणूस परका ठरतो हा अलीकडचा, त्या मानाने सौम्य प्रकार आहे. बडोद्यात आंबेडकरांकडे भाषा होती, पदवी होती, सरकारी नेमणूक होती. शब्द टाकणारे कुणी नव्हते, आणि टाकू शकत होते त्यांनी टाकला नाही. तीन वर्षांनी ते लंडनला परत गेले आणि पुढे प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाच्या घरात भाड्याने राहू लागले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेऊन स्मारक केले. तिथेही पुढे परवानगीचा वाद झाला, शेजाऱ्यांच्या हरकती आल्या, आणि वस्तुसंग्रहालय म्हणून मान्यता मिळायला २०२० उजाडले.

हमीदाराचा हा प्रश्न काही देशांनी रीतसर कागदावर आणला आहे. जपानमध्ये घर भाड्याने घेताना अनामत रकमेखेरीज बऱ्याचदा ‘रेकिन’ द्यावे लागते, म्हणजे जागा दिल्याबद्दल मालकाला कृतज्ञतेने दिलेले आणि कधीही परत न येणारे पैसे. शिवाय अनेक मालक जपानी हमीदार मागतात. जपानी न्याय मंत्रालयाच्या २०१७ मधल्या पाहणीत घर शोधणाऱ्या परदेशी लोकांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी सांगितले, की केवळ परदेशी म्हणून आपल्याला नकार मिळाला. अशा देशात २००० च्या आगेमागे पुण्या-मुंबईचे, चेन्नईचे संगणक अभियंते येऊ लागले आणि त्यातले बरेच टोकियोच्या निशी-कसाई भागात एकवटले. एक कारण रेल्वेमार्गाचे होते. दुसरे असे, की तिथे ‘यूआर’ या सार्वजनिक संस्थेच्या मोठ्या इमारती होत्या, आणि यूआर रेकिनही मागत नाही, हमीदारही मागत नाही. उत्पन्न दाखवा, किल्ली घ्या. या दोन अटींच्या अभावातून अख्खी भारतीय वस्ती उभी राहिली. दुकाने आली, शाळा आली, सण आले. निशी-कसाई ज्यात येतो त्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून गेले. मूळ भारतीय माणूस जपानमध्ये निवडून येण्याची ती पहिली वेळ होती.

मुंबईतल्या माटुंग्याची गोष्ट याच्या जवळची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पालघाटकडची, तंजावर जिल्ह्यातली माणसे कारकुनीसाठी, टंकलेखनासाठी मुंबईला आली, तेव्हा तिथल्या खाणावळी आणि खोल्या एकमेकांच्या ओळखीने भरत गेल्या. एका खोलीत गावचा एक आला, की त्याच्या पत्त्यावर पुढचे चार. १९६० च्या दशकात त्यांच्याविरुद्ध घोषणा झाल्या, तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकांची मुले चौकात मराठीत क्रिकेट खेळत होती.

आणि त्या तंजावरकडच्यांत काहींची घरची भाषाच मराठी होती. कुंभकोणममध्ये १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले, त्यांच्या घराण्यासारखी ही घरे. नावापुढे राव, घरात जुन्या वळणाची, तमिळ शब्द मुरलेली मराठी, बाहेर अस्खलित तमिळ. अशा घरातली मुले आज नोकरीसाठी पुण्यात येतात. फोनवर मराठी ऐकून घरमालक खूश होतो. प्रत्यक्ष भेटीत हेल ऐकून थोडा बुचकळ्यात पडतो आणि मूळ गाव विचारतो. तंजावर म्हटले तर तो म्हणतो, ते नव्हे हो, मूळचे. पण त्या मूळच्या गावाचे नाव साडेतीनशे वर्षांत घरात कुणालाच आठवत नसते. करार अकरा महिन्यांचा होतो, त्याची नोंदणी होते आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायचा फॉर्म समोर येतो. कायमचा पत्ता लिहून होतो, आधार क्रमांक लिहून होतो. मग भाडेकरूला ओळखणाऱ्या माणसांची नावे आणि फोन नंबर हवे असतात. ऑफिसातल्या एकाचे नाव लगेच सुचते. दुसऱ्यासाठी तो मुलगा कुंभकोणमला आईला फोन लावतो, आणि आई विचारात पडते की पुण्यात आपले कोण आहे.